मोरचूद न घातलेली खळ

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला आजही नक्की कळत नाही, आणि अक्षर तर कोंबडी पायाला शाई लावून कागदावरून चालली तसं आहे. ही माझ्या मुलीची जुनी गणिताची वही आहे, मागची पानं कोरी राहिली होती. चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. खरं तर वाचणारं कोणी नाही. आमच्या मंडळीत बुधवारच्या प्रार्थनेला लोक उभे राहून साक्ष देतात, प्रभूनं मला अमुक दुखण्यातून उठवलं, तमुक अडचणीतून काढलं. मी इतक्या वर्षांत एकदाही उभी राहिले नाही. चार माणसांनी माझ्याकडं पाहिलं की मला बोलायला सुचत नाही. नवे पाळक म्हणाले, मावशी, बोलता येत नसेल तर लिहून ठेवा, ज्याच्यासाठी लिहायचं त्याला कोणाचंही अक्षर लागतं. म्हणून लिहिते.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात. ख्रिस्ती घरं पंचवीस-तीस, त्यातली निम्मी दिवाळीनंतर उसाच्या तोडीला जातात, तेव्हा रविवारच्या उपासनेला बाकडी रिकामी दिसतात. आमचे हे गवंडीकाम करतात, म्हणून आम्ही गावातच राहतो. लग्न होऊन आले तेव्हापासून देवळाची झाडलोट माझ्याकडं आहे. देवळामागच्या दोन खोल्यांत आमचे जुने पाळकबाबा राहायचे. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या दोन वेळच्या भाकरी मीच टाकायचे. घरात एक खाट, एक टेबल आणि पुस्तकांचं एक मोठं कपाट, एवढीच त्यांची इस्टेट. पुस्तकं बहुतेक इंग्रजी. शहरात धर्मशिक्षणाचं जे विद्यालय आहे, जिथं पाळक तयार होतात, तिथं बाबा स्वतः शिकलेले होते. वर्षातून एकदा-दोनदा ते तिकडं जायचे आणि येताना पिशवी भरून पुस्तकं आणायचे. एसटीचा कंडक्टर म्हणायचा, बाबा, देऊळ बांधायला विटा आणल्या का. बाबा म्हणायचे, हो, पण या विटा मला आधी चावून खाव्या लागतात.

आमच्याकडं उन्हाळ्यात धूळ फार. मी पुस्तकं पुसायचे, पण पुठ्ठे फाटायला लागले होते. मग एका मे महिन्यात मी शाळेच्या पुस्तकांना घालतो तशी त्यांना कव्हरं घातली. कपाटात शंभरावर पुस्तकं होती, पण बाबांच्या हातात सारखी असायची ती बारा-तेरा. त्यातल्या बारांना मी किराणा दुकानाच्या जुन्या कॅलेंडरची पानं घातली, कारण तो कागद जाड असतो. बाकीच्यांतल्या जमतील तेवढ्यांना वर्तमानपत्र, खालच्या फळीवरची तशीच राहिली. कव्हर सुटू नये म्हणून गव्हाच्या पिठाची खळ करून कडा आतून पक्क्या चिकटवल्या. पुस्तकांची नावं झाकली गेली हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला ती वाचता येत नव्हती, मग त्यांचं काय महत्त्व असतं ते मला काय ठाऊक. संध्याकाळी बाबा आले, कपाट उघडून उभे राहिले आणि एवढे हसले की त्यांना ठसका लागला. रागावले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी पुस्तकांना महिन्यांची नावं दिली. "बाई, मार्च आणा," म्हणायचे, की मी मार्च काढून द्यायचे. एकदा वरून एक मोठे साहेब तपासणीला आले होते. टेबलावरच्या पुस्तकावर एकादशी आणि संकष्टी छापलेली पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाबा म्हणाले, साहेब, ते फक्त बाहेरून, आत सगळा रविवारच आहे.

असं करत मला पुस्तकं कळायला लागली. वाचून नाही, बाबा ती कोणासाठी काढतात ते बघून. माणूस आला, बसला, रडला किंवा भांडला, की बाबा आधी ऐकून घ्यायचे. मग एखादा महिना मागवायचे, चष्मा लावून दोन-चार पानं वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि साध्या मराठीत बोलायचे. भाकरी टाकताना माझ्या कानावर सगळं पडायचं. मार्च म्हणजे प्रभूच्या काळात त्या देशातली माणसं कशी राहायची, मजुरी काय मिळायची, सारा कोण वसूल करायचा, चौकात कामाची वाट बघत उभे राहणारे मजूर कसे असायचे, त्याचं पुस्तक. ते वाचून बाबा तोडीला निघालेल्या लोकांना सांगायचे की प्रभूनं गोष्टी सांगितल्या त्या तुमच्यासारख्याच माणसांना, त्यांनाही मुकादम होता. डिसेंबर म्हणजे पहिल्या चार-पाचशे वर्षांत मंडळ्या कशा उभ्या राहिल्या आणि आपसात किती भांडल्या त्याचा इतिहास. आमच्याकडं पेटी कोणी वाजवायची यावरून दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली तेव्हा बाबांनी डिसेंबर काढला होता. मे फार जाड. पवित्र शास्त्र किती हातांनी, किती वर्षांत लिहून एकत्र झालं हे त्यात होतं. ते बाबा लगेच कोणाला सांगायचे नाहीत. शिकलेलं पोरगं तीनदा विचारायला आलं तरच काढायचे, आणि म्हणायचे, आधी मार्च समजून घे, मग मे, नाहीतर डोकं फिरेल. जून त्यांनी माझ्यासमोर कधीच उघडलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ते त्रैक्यावरचं आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा त्याचं, ते माझ्याही डोक्यावरून जातं.

आणि ऑगस्ट. ऑगस्ट पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रांवरचं होतं. ते बाबा फक्त मयतीनंतर काढायचे, लगेच नाही, लोक पांगले की आठ-दहा दिवसांनी.

आता माझी चूक सांगते. पाटोद्याला बाबांच्या ओळखीचा एक वही-पुस्तकं बांधणारा होता. त्यानं बाबांना सांगितलं की खळीत थोडा मोरचूद घालावा, म्हणजे कसर आणि वाळवी लागत नाही, नाहीतर पीठ म्हणजे किड्यांना जेवणच. बाबांनी लगेच मोरचूद आणला, पुडीला स्वतः दोऱ्याची गाठ मारून दिली आणि सांगितलं, बाई, यापुढं खळ करताना चिमूटभर घाला, आणि जुनी कव्हरं जमतील तशी बदला. मी हो म्हटलं. पण मोरचूद म्हणजे विष. निळाभोर, बघूनच भीती वाटते. मला वाटलं, ज्या पुस्तकात प्रभूचं नाव आहे त्याला विष कसं लावायचं? ज्या पिठाची आम्ही भाकरी-पोळी करतो त्यात कालवून? मी ती पुडी प्लॅस्टिकमध्ये बांधून माझ्या घरी, दाराच्या वरच्या कोनाड्यात खोल सरकवून ठेवली. बाबांनी एकदा विचारलं, घातला ना? मी होकाराची मान हलवली. बोलले नाही, नुसती मान हलवली. त्यानंतरही जी कव्हरं घातली ती नुसत्या पिठाचीच. मला मनातून बरं वाटायचं, की आपण काहीतरी पवित्र राखलं.

बाबा गेले ते उन्हाळ्याच्या शेवटी, दोन दिवसांच्या तापात. नवे पाळक यायला वर्ष लागलं. मधला पावसाळा त्या खोल्या बंदच होत्या. किल्ली माझ्याकडं होती, पण आत जाववत नव्हतं. बाहेरून दार पुसायचे आणि परत यायचे. त्या दिवसांत माझी प्रार्थनाही नुसती तोंडची झाली होती. एवढं ऐकणारा माणूस गेला तर वरती तरी कोणी ऐकत असेल का, असं वाटायचं. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

नवे पाळक आले, वय सव्वीस-सत्तावीस, त्याच विद्यालयातून शिकून आलेले. मला मावशी म्हणायला लागले. आल्यावर तीनेक महिन्यांनी ते एक पत्र हातात घेऊन माझ्याकडं आले. विद्यालयाच्या ग्रंथालयातून आलं होतं. जुन्या पाळकबाबांच्या नावावर चार पुस्तकं बरीच वर्षं बाकी आहेत, नव्यानं यादी करतो आहोत, शोधून पाठवावीत, असं त्यात होतं. त्यांनी चार नावं इंग्रजीत वाचली. मी म्हटलं, नावं मला कळत नाहीत, आत काय आहे ते सांगा. त्यांनी एकेकाचा विषय सांगितला. मी म्हटलं, म्हणजे मार्च, मे, ऑगस्ट आणि डिसेंबर. ते माझ्याकडं बघतच राहिले. शेवटी म्हणाले, "मावशी, नाही सापडली तर बाबांचं नाव पुस्तकं बुडवणाऱ्यांच्या यादीत जाईल. तिथली नवी पोरं ती यादी वाचतात."

मी कपाट उघडलं. वरून सगळं ठीक दिसत होतं. मार्चला हात लावला तर कव्हर भुशासारखं हातात आलं. भिंतीतून वाळवी आली होती आणि तिनं खळीचा माग काढत काढत पुठ्ठे, मग पानं खाल्ली होती. मार्चला आरपार भोक पडलं होतं. मेच्या पोटात माती भरली होती. ऑगस्टचा अर्धा भाग गेला होता. डिसेंबर वरच्या फळीवर होतं म्हणून वाचलं. आणि ज्या पुस्तकांना मी कधी कव्हरं घातलीच नव्हती ती खालच्या फळीवर जशीच्या तशी होती. तिथंच मला सगळं कळलं. वाळवीला दोष देऊन कोणीही सुटलं असतं. पण वाळवीला ताट वाढून मी ठेवलं होतं.

मी खोटं बोलले. डिसेंबर नेऊन दिलं आणि सांगितलं, बाकीची सापडत नाहीत. मग बाकीची तीन पदराखाली घालून घरी आणली. मनात असं ठरवलं की ही जाळून टाकायची. पुस्तकं हरवली असं म्हटलं तर बाबांचं नाव थोडं खाली जाईल, पण माझी गोष्ट कोणाला कळणार नाही. आज हे लिहिताना लाज वाटते की मी बाबांचं नाव आणि माझी अब्रू तराजूत घातली आणि माझी अब्रू जड भरली.

दुपारची वेळ होती. हे कामावर गेले होते, मुलगी शाळेत. आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत मी तुराट्या पेटवल्या आणि ऑगस्ट हातात घेतलं. आधी कव्हर काढून बाजूला ठेवलं, कारण त्यावरचे ओळखीचे आकडे जाळवेनात. तेवढ्यात अंगणातून इंदुबाईची हाक आली. इंदुबाई आमच्याच मंडळीतली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडाची फटकळ. मी पुस्तक मांडीखाली सरकवलं. ती उंबऱ्यावरच बसली. तिच्या सुनेचं, सुनीताचं, सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं होतं, त्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते. इंदुबाई म्हणाली की सुनीता दार लावून बसली आहे, कालपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. नवे पाळक येऊन गेले, देवाची इच्छा म्हणाले, तर सुनेनं त्यांच्या तोंडावर दार लावलं.

"पोरगं बिचारं चांगलं हाय, पण त्याला काय ठावं," इंदुबाई म्हणाली. "माझा दीर गेला तवा बाबांनी एक पुस्तक काढलतं. काय सांगितलं ते ध्यानात न्हाई, पण जाऊबाई त्या दिवशी जेवली. तू तिथंच व्हतीस की. कोन्तं पुस्तक ते?"

चुलीतल्या तुराट्या चटचट वाजत होत्या.

"कावून बोलत न्हाईस गं? लई येळ बसायला सवड न्हाई मला. सून मरंल तिकडं."

मी मांडीखालून पुस्तक काढलं. म्हटलं, "हेच."

तिनं पुस्तक बघितलं, चूल बघितली, माझं तोंड बघितलं. इंदुबाई एरवी अशी संधी सोडणारी नाही, वर्षभर पुरेल एवढं बोलली असती. पण ती एवढंच म्हणाली, "इस्तू इझव आन् चल."

मी यावर काही वाद घालणार नाही. ती पाव तास उशिरा आली असती तर ऑगस्ट राख झालं असतं. ती रोजच कुठं ना कुठं जाते, त्या दिवशी माझ्याकडं आली. मला इतकंच ठाऊक आहे की त्या दुपारी माझ्या हातून काहीतरी काढून घेतलं गेलं, आणि ते काढून घेणारा हात इंदुबाईचा नव्हता.

आम्ही दोघी पाळकांकडं गेलो. मी पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. कव्हर निघालं होतं म्हणून पहिल्या पानावरचा ग्रंथालयाचा शिक्का उघडा पडला होता. त्यांनी तो बघितला आणि माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून सांगितलं की तिन्ही पुस्तकं माझ्याकडं आहेत, मी खोटं बोलले, पण ते मागून सांगते, आधी हे वाचा. बाबा हे मयतीनंतर वाचायचे. त्यांनी उरलेली पानं चाळली. म्हणाले, आम्हाला हे विद्यालयात होतं, परीक्षेपुरतं वाचलं होतं. दारातल्या उजेडात उभे राहून ते बराच वेळ वाचत होते. मग पुस्तक मिटून ते इंदुबाईबरोबर निघाले. मला त्यांनी बरोबर यायला सांगितलं.

सुनीताच्या दाराबाहेर ते जमिनीवर बसले. दार बंदच होतं. ते दाराशीच बोलले. म्हणाले, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. मोठमोठ्या अभ्यासकांनी सगळी स्तोत्रं तपासली आहेत, त्यात स्तुतीपेक्षा गाऱ्हाणीच जास्त निघाली. देवा, तू कुठं गेलास, का तोंड फिरवलंस, अशी. ती कोणी पुसून टाकली नाहीत, देवळात मोठ्यानं म्हणायची म्हणून जपून ठेवली. म्हणजे तुझी तक्रारसुद्धा प्रार्थनाच आहे, ताई.

आतून सुनीताचा आवाज आला, बसलेला, "मला त्याच्याशी बोलायचंच न्हाई."

पाळक म्हणाले, "हे पण त्यालाच सांग."

मग ती रडायला लागली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. इंदुबाईनं कडी वाजवली, दार उघडलं, आणि ती आत गेली. संध्याकाळी सुनीतानं चहात बुडवून अर्धी भाकरी खाल्ली, असं इंदुबाईनं मला देवळाच्या पायरीवर येऊन सांगितलं. आणि जाता जाता म्हणाली, "चुलीचं मी कुनाला सांगणार न्हाई. पर तू सांग." मी होय म्हटलं. या वेळी नुसती मान हलवली नाही.

पुढच्या सोमवारी मी शहरात गेले. पाळक बरोबर यायला तयार होते, मी नको म्हटलं. आयुष्यात एकटीनं एवढा लांबचा प्रवास केला नव्हता. पाटोद्याहून सकाळची एसटी, मध्ये एकदा गाडी बदलायची. चारही पुस्तकं पिशवीत, आणि कोनाड्यातली मोरचुदाची पुडी. वाटेत तीन वेळा वाटलं उतरून परत जावं. ग्रंथालयात बाबांच्या वयाच्या एक बाई होत्या, पांढरी साडी, चष्म्याला दोरी. मी जय ख्रिस्त म्हटलं आणि पुस्तकं टेबलावर मांडली. वाळवीची माती त्यांच्या स्वच्छ टेबलावर सांडली. त्या म्हणाल्या, अरेरे, आणि मग म्हणाल्या की वाळवीला कोण काय करणार, पाळकांनी एक पत्र दिलं की कमिटी ही पुस्तकं नष्ट झाली म्हणून नोंद करेल, कोणाला काही भरावं लागणार नाही, बाबांच्या नावालाही काही नाही. म्हणजे मी सुटले होते. तिथंच उठून आले असते तरी चाललं असतं. मी पिशवीतून पुडी काढली, वरचं प्लॅस्टिक सोडलं आणि ती त्यांच्या समोर ठेवली. पुडीची गाठ बाबांच्या हातची होती, ती मी कधी सोडलीच नव्हती. मी सगळं सांगितलं. कधी कोणासमोर एवढं बोलले नव्हते. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं.

बाईंनी पुडी हातात घेऊन गाठ पाहिली. मग म्हणाल्या, तुम्हाला इंग्रजी येत नाही, मग यात काय आहे ते कसं कळतं? मी महिन्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी कागद ओढला. म्हणाल्या, इथं पहिल्या वर्षाची मुलं येतात आणि विचारतात, बाई, कुठून सुरुवात करू. मी त्यांना विषयाप्रमाणं यादी देते, आणि ती सगळ्यात जाड पुस्तक आधी उचलतात आणि महिन्याभरात घाबरून परत येतात. तुमचे बाबा कोणतं कोणासाठी काढायचे ते सांगा. मी बाराही महिन्यांचं सांगत गेले. लोक पोटासाठी परगावी निघाले की मार्च. मंडळी भांडली की डिसेंबर, भांडण्याची सुरुवात आपण केली नाही हे त्यातून कळतं. मे नंतर, आधी कधीच नाही. ऑगस्ट मयतीला, पण आठ दिवस जाऊ द्यायचे. जून राहू द्यावं. जूनला त्या हसल्या, म्हणाल्या, तेही लिहिते. प्रत्येक महिन्यापुढं त्यांनी पुस्तकाचं खरं नाव लिहिलं.

पैशाचं मीच काढलं. दोन पुस्तकं जुन्या बाजारात मिळतील, तिसरं आता छापत नाहीत, दुसऱ्या ग्रंथालयातून त्याच्या प्रती काढून बांधावं लागेल, असं करून सगळे पाच हजार दोनशे होत होते. एवढे माझ्याकडं नव्हते. बाई म्हणाल्या, तुम्हाला कव्हरं घालता येतात, इथं पुठ्ठे सुटलेली पुस्तकं ढीगभर पडली आहेत, बांधणारा वर्षातून एकदा येतो. एका पुस्तकाचे पन्नास रुपये. पण खळ मोरचूद घातलेलीच, हे त्यांनी बजावलं. मी पुडीकडं बघितलं, ती परत पिशवीत ठेवली आणि हो म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "माफ होत व्हतं ते सोडून अंगावर घेऊन आलीस. तुझ्यासारखी शहाणी तालुक्यात न्हाई." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोन फळ्या आणि वर ठेवायला घडीव दगड आणून पुस्तकं दाबायची जागा करून दिली. पहिली खळ करून पुडी समोर घेतली. मग बाबांची गाठ सोडली आणि चिमूटभर घातला. पांढरी खळ फिकट निळी झाली. मला वाटलं होतं की मन खाईल. मन शांत राहिलं.

तेव्हापासून मी यावर पुष्कळ विचार केला. बाबांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही, आणि त्याला भक्ती म्हणत राहिले. मला माझं पवित्र वाटणं राखायचं होतं, पुस्तकं नव्हे. प्रभूच्या हाती स्वतःला देणं म्हणजे डोळे मिटून काहीतरी मोठं करणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपल्याला नीट सांगितलेलं असतं, छोटंसंच असतं, चिमूटभर, आणि ते आपल्या मनाविरुद्ध असतं. ते घालायचं. मी चुकले तरी त्यानं मला टाकलं नाही. उलट माझ्या हाताला जे एकच काम येतं तेच काम चूक भरून काढायला दिलं, आणि जे पुस्तक मी जाळणार होते त्यातूनच एका लेकीला बोलतं केलं. सुनीता आता पुन्हा उपासनेला येते, मागच्या बाकावर बसते, स्तुतीची गीतं म्हणत नाही. कोणी तिला काही म्हणत नाही. नवे पाळक कधी संध्याकाळी येऊन विचारतात, मावशी, आता मी काय वाचू? मी सांगते.

दर महिन्याला मी आठ पुस्तकं घेऊन यायचे आणि आठ नेऊन द्यायचे, अर्ध्या तिकिटात. एक वर्ष आणि एक महिना लागला. कंडक्टर आता मला विचारतो, मावशी, विटा का?

शेवटची पिशवी घेऊन मी गेल्या आठवड्यात गेले. आदल्या महिन्याच्या खेपेत मुलीला ताप होता म्हणून दोन पुस्तकं राहिली होती, तेवढे शंभर रुपये मी रुमालात बांधून नेले होते. ग्रंथालयाच्या दारामागं काचेत एक कागद लावला आहे, मी सांगितलेल्या बारा महिन्यांचा, आणि एक मुलगा वहीत तो उतरवून घेत होता. मी त्याच्या मागून गुपचूप आत गेले. बाईंनी पुस्तकं उलटून पालटून बघितली, कडांचा वास घेतला आणि पसंतीची मान डोलावली. मग बाबांचं नाव असलेलं रजिस्टर काढलं. मी रुमाल सोडून शंभरची नोट टेबलावर ठेवली. त्यांनी बाबांच्या नावापुढं एक शब्द लिहिला आणि रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. अक्षर स्वच्छ होतं, मराठीत होतं, आणि मला वाचता आलं. फिटले.